निवडक माध्यमे: रोगजंतू वेगळा काढण्याची विद्या आणि परळ



परळ, चिंचपोकळी, शिवडी आणि वडाळा एवढ्या पट्ट्यात उभ्या असलेल्या संस्थांची नावे श्रोत्यांना पाठ आहेत: हाफकिन संस्था, केईएम रुग्णालय, टाटा स्मारक रुग्णालय, कस्तुरबा रुग्णालय, शिवडीचे क्षयरोग रुग्णालय, ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय. गिरणगावाचा इतिहास सांगताना गिरण्या, संप आणि चाळी यांचा उल्लेख होतो आणि तो व्हायलाच हवा. परंतु त्याच धुराड्यांच्या शेजारी जंतुशास्त्राची जी विद्या रुजली, तिची दखल मराठी वाचकाने पुरेशी घेतलेली नाही. आजचा विषय त्या विद्येतला एक छोटा पण कळीचा भाग आहे. रोग निर्माण करणारा जिवाणू इतर असंख्य जिवाणूंमधून वेगळा काढण्यासाठी प्रयोगशाळेत जी निवडक माध्यमे वापरली जातात, त्यांचा हा विचार आहे.

माध्यम म्हणजे जिवाणूचे तयार अन्न. डॉक्टर कागदावर ‘कल्चर पाठवा’ असे लिहितात, तेव्हा रुग्णाचे रक्त, लघवी, विष्ठा किंवा बेडका प्रयोगशाळेत जातो. तेथे तंत्रज्ञ तारेच्या लूपने तो नमुना थिजलेल्या माध्यमाच्या प्लेटवर रेघा ओढत पसरवतो आणि प्लेट ३७ अंश सेल्सिअसच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतो. पहिल्या रेघेत जिवाणू दाट पडतात, पुढच्या रेघांत विरळ होत जातात आणि शेवटी एकेकटे पडतात. असा एकटा पडलेला जिवाणू रात्रभरात दुभंगत दुभंगत लाखोंच्या संख्येने वाढतो आणि सकाळी डोळ्यांना दिसेल असा टिपका तयार होतो, ज्याला वसाहत म्हणतात. एका वसाहतीतले सगळे जिवाणू एकाच पूर्वजाचे असतात, म्हणून ती शुद्ध असते, आणि शुद्ध असते म्हणूनच तिच्यावर पुढच्या सगळ्या चाचण्या करता येतात. पण हे सारे घडण्यासाठी तो जिवाणू आधी एकटा सापडायला हवा. तो सापडतो का?

येथेच खरी अडचण आहे. माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत हजारो कोटी जिवाणू असतात, आणि विषमज्वराच्या किंवा आमांशाच्या रुग्णाच्या नमुन्यात रोगकारक जिवाणू त्यांतले अगदी थोडे असू शकतात. बेडक्यात तोंडातले आणि घशातले जिवाणू मिसळलेले असतात; ते वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, तर क्षयाच्या जंतूला दुप्पट होण्यास पंधरा ते वीस तास लागतात. साध्या पौष्टिक माध्यमावर हे सगळे एकत्र पेरले, तर दुसऱ्या दिवशी प्लेट गच्च भरलेली दिसते आणि हवा तो जंतू त्या गर्दीत गडप झालेला असतो. पोषण वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण पोषण सगळ्यांनाच मिळते. तो सुटतो अडवणुकीने. माध्यमात असा एखादा पदार्थ घालायचा, जो हव्या त्या जंतूला सोसवतो आणि बाकीच्यांना सोसवत नाही. निवडक माध्यमाचे सारे सामर्थ्य ते कोणाला वाढू देत नाही, यात आहे.

मात्र अडवणूक करण्याआधी पाय रोवायला जमीन हवी, आणि ती जमीन मुंबईसारख्या शहरात सहज मिळणारी नव्हती. रॉबर्ट कॉख यांनी प्रथम उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर आणि नंतर जिलेटिनने थिजवलेल्या सूपावर जिवाणू वाढवले. पण जिलेटिन पंचवीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास वितळू लागते. म्हणजे ३७ अंशांच्या इन्क्युबेटरची गोष्ट सोडाच, मुंबईच्या साध्या खोलीतही वर्षातला बहुतेक काळ त्या प्लेटचे पाणीच झाले असते. यावरचा उपाय १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे यांनी सुचवला. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या त्या पत्नी. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना समुद्रशैवालापासून बनणाऱ्या अगारची माहिती मिळाली होती आणि स्वयंपाकात त्या तो वापरत असत. मराठी घरांत हाच पदार्थ ‘चायना ग्रास’ या नावाने किराणा दुकानातून येतो. अगार सुमारे ८५ अंशांवर वितळतो, पण एकदा वितळल्यावर चाळीस अंशांच्या खाली आल्याशिवाय थिजत नाही, आणि बहुतेक जिवाणूंना तो पचवता येत नाही. १८८७ मध्ये रिचर्ड पेट्री यांनी झाकणाची उथळ बशी आणली आणि जमीन तयार झाली. या शोधाचे श्रेय फॅनी हेसे यांना त्यांच्या हयातीत जवळजवळ मिळाले नाही. जंतुशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात त्यांचे नाव पहिल्या धड्यात असले पाहिजे.

आता परळकडे वळू या. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. ऑक्टोबरात वॉल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगच्या लशीचे काम सुरू केले. लस बनवायची म्हणजे जंतू भरपूर आणि शुद्ध वाढवायचे, आणि त्यासाठी माध्यम हवे. युरोपातल्या पुस्तकांत गोमांसाचे सूप सांगितलेले असे. हाफकिन यांनी बोकडाचे मांस आम्लाने विघटित करून सूप तयार केले, कारण ज्यांना ही लस टोचायची होती त्यांच्या भावना त्यांनी विचारात घेतल्या होत्या. सूप मोठ्या चंबूंत भरून त्यावर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब सोडले जात. प्लेगचा जिवाणू हवेच्या सान्निध्यात अधिक चांगला वाढतो, म्हणून तो पृष्ठभागावरच्या या थेंबांना धरून वाढे आणि तेथून त्याचे पांढरट धागे खाली सूपात लोंबू लागत. चंबू जराही हलला तर ते तुटून तळाशी जात, म्हणून चंबू अगदी स्थिर ठेवावे लागत. पुरेशी वाढ झाली की ते मुद्दाम हलवून धागे पाडले जात आणि तुपाखाली नवे धागे धरत. असे काही आठवडे चाले. हे लोंबते धागे हीच प्लेगच्या जिवाणूची ओळख आहे, हेही हाफकिन यांनी दाखवून दिले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

काटेकोर अर्थाने हे निवडक माध्यम नव्हते, हे ध्यानात ठेवावे. या सूपात दुसरा जिवाणूही सुखाने वाढू शकला असता आणि म्हणून शुद्धता राखण्याचा सारा भार माणसांच्या हातावर होता. पण विचाराची दिशा तीच होती. या एका जंतूचा स्वभाव काय, त्याला हवा कुठे मिळते, तो कशाला धरून वाढतो, असे प्रश्न विचारून माध्यमाची रचना केली गेली होती. १८९९ च्या ऑगस्टमध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, १९०६ मध्ये तिला बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असे नाव मिळाले आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था झाली. पुढे संचालक साहिबसिंग सोखे यांच्या काळात दुधातील केसीन या प्रथिनाचे आम्लाने विघटन करून बनवलेले माध्यम प्लेग आणि पटकीच्या लशींसाठी तयार झाले. बोकडाच्या मांसाचे सूप प्रत्येक वेळी थोडे वेगळे उतरते. केसीनचे माध्यम दर खेपेला जवळजवळ सारखे उतरते. मोठ्या प्रमाणावर लस बनवणाऱ्या संस्थेला हा फरक फार मोलाचा होता.

खऱ्या निवडीची कल्पना मात्र सांडपाण्यातून आली. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये सांडपाण्याच्या विल्हेवाटीचा विचार करणाऱ्या शाही आयोगासाठी आल्फ्रेड मॅकॉन्की काम करत होते. आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंना पित्ताची सवय असते, त्वचेवरच्या आणि मातीतल्या बऱ्याच जिवाणूंना ती नसते. मग माध्यमातच पित्तक्षार घातले तर? मॅकॉन्की यांनी ते घातले, सोबत दुधातली लॅक्टोज ही साखर घातली आणि आम्ल तयार झाल्यास रंग बदलणारे न्यूट्रल रेड हे रंगद्रव्य अखेरीस निश्चित केले. एकाच प्लेटने दोन कामे केली. पित्तक्षाराने आतड्याबाहेरच्यांना अडवले, आणि आत आलेल्यांपैकी लॅक्टोज आंबवणाऱ्यांच्या वसाहती गुलाबी झाल्या, न आंबवणाऱ्यांच्या फिक्या राहिल्या. विषमज्वराचा आणि आमांशाचा जिवाणू या फिक्या गटात येतो. अडवणाऱ्या गुणाला निवड म्हणतात आणि रंगाने वेगळे दाखवणाऱ्या गुणाला भेददर्शन. पुढची जवळजवळ सगळी माध्यमे या दोन गुणांच्या जोडीवर उभी आहेत. पावसाळ्यात जलवाहिनी आणि गटाराची वाहिनी शेजारी शेजारी असलेल्या चाळीच्या नळाला गढूळ पाणी येते आणि त्याचा नमुना तपासायला जातो, तेव्हा आजही मॅकॉन्की यांच्याच नावाचे पित्तक्षारयुक्त माध्यम वापरले जाते; नळीत उलटी ठेवलेली छोटी नळी वायूने भरली आणि रंग बदलला, की त्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याचा संशय पक्का होत जातो.

हाच विचार पटकीच्या बाबतीत किती पुढे गेला, हे पाहण्यासारखे आहे. पटकीचा जिवाणू आम्लाला घाबरतो, पण अल्कलीला दाद देत नाही; सामू ८.६ इतका चढवला, तर आतड्यातले बहुतेक जिवाणू मंदावतात आणि हा मात्र जोमाने वाढतो. म्हणून नमुना प्रथम अल्कलीयुक्त पेप्टोन पाण्यात सहा ते आठ तास ठेवतात. या काळात पटकीचा जिवाणू पृष्ठभागाजवळ जमतो, त्यामुळे लूप तळाशी न बुडवता वरच्याच थरातून उचलायचा असतो. नवखा तंत्रज्ञ येथे हमखास चुकतो. तो अंश मग टीसीबीएस या हिरव्या प्लेटवर पेरतात. थायोसल्फेट, सायट्रेट, पित्तक्षार आणि सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. पटकीचा जिवाणू ही साखर आंबवतो आणि त्याच्या वसाहती पिवळ्या होतात. अर्धवट शिजलेल्या समुद्री मासळीतून जुलाब घडवणारा त्याचा भाऊबंद ती आंबवत नाही, म्हणून तो हिरवाच राहतो. हे माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, घालत नाहीत. नुसते उकळून ओततात, कारण त्यात इतके अडवणारे घटक असतात की उरलेसुरले जंतू सहसा वर येतच नाहीत.

बाकीच्यांची उजळणी थोडक्यात पुरे. घटसर्पाच्या जिवाणूसाठी टेल्युराइट घातलेले माध्यम, ज्यावर त्याच्या वसाहती काळ्या दिसतात. पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकससाठी साडेसात टक्के मिठाचे माध्यम. विषमज्वरासाठी विल्सन आणि ब्लेअर यांचे बिस्मथ सल्फाइट, ज्यावर काळी, धातूसारखी चमकणारी वसाहत उमटते. पावसाच्या तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या जिवाणूसाठी माध्यमात फ्लुरोयुरॅसिल घालतात. तेच औषध टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णांना दिले जाते, आणि एकाच द्रव्याचे हे दोन उपयोग परळमध्ये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होऊ शकतात, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

येथवर जे सांगितले त्यावरून असे वाटेल की माध्यम जितके कडक तितके चांगले. तसे आहे का? तसे मुळीच नाही, आणि या व्याख्यानातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. जे द्रव्य नको असलेल्यांना मारते ते हव्या असलेल्यालाही थोडे तरी जाचतेच. आमांशासाठी वापरले जाणारे एसएस हे कडक माध्यम रक्ती आमांशाच्या सर्वांत घातक प्रकाराच्या जिवाणूला, शिगेला डिसेंटेरी प्रकार १ याला, पुष्कळदा वाढू देत नाही. म्हणजे ज्याला शोधायचे त्यालाच दारातून परत पाठवते. म्हणून अनुभवी जंतुशास्त्रज्ञ एकाच नमुन्यासाठी सौम्य मॅकॉन्की आणि कडक माध्यम अशा दोन प्लेट लावतो. निवड म्हणजे तारतम्य आहे, आणि ते पुस्तकातून अर्धेच येते.

क्षयाच्या बाबतीत हे तारतम्य आकड्यांत मोजता येते. लोवेनस्टाइन आणि येन्सेन यांच्या माध्यमात अगार नसतो. कोंबडीची ताजी अंडी, ग्लिसरॉल, ॲस्पॅराजिन, क्षार आणि मॅलाकाइट ग्रीन हे हिरवे रंगद्रव्य एकत्र करून ते बाटल्यांत तिरके ठेवतात आणि सुमारे ८५ अंशांवर अंडे घट्ट होऊ देतात. हिरवे रंगद्रव्य इतर जिवाणूंना अडवते, क्षयाचा जंतू त्याच्या मेणचट कवचामुळे तग धरतो. तरीही बेडका थेट पेरला तर बाटली इतर जंतूंनी भरून जाते. म्हणून तो आधी कॉस्टिक सोड्याने धुवावा लागतो, आणि तो सोडा क्षयाच्याही काही जंतूंना मारतो. मग सोडा किती कडक असावा? प्रयोगशाळांचा दंडक असा, की या माध्यमाच्या शंभर बाटल्यांपैकी तीन ते पाच दूषित झाल्या तर काम ठीक चालले आहे; फार जास्त दूषित झाल्या तर सोडा कमी पडला, आणि एकही झाली नाही तर तो फार कडक पडला व क्षयाचे जंतूही वाया गेले. प्रयोगशाळेची उत्तम कामगिरी थोड्या अपयशाने मोजली जाते, ही गोष्ट प्रशासकांना समजावून सांगावी लागते. बाटल्या आठवडे आठवडे पाहाव्या लागतात. आठ आठवडे झाल्याशिवाय ‘वाढ नाही’ असे लिहिता येत नाही. आता द्रव माध्यमाच्या नळ्या आल्या आहेत, ज्यांत पाच औषधांचे मिश्रण निवडीचे काम करते आणि उत्तर सहा आठवड्यांच्या आत मिळते.

याच कामाच्या बळावर माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया, डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या क्षयाच्या जंतूवर तपासलेल्या कोणत्याही औषधाचा परिणाम होत नव्हता. त्याला काय नाव द्यावे यावर पुष्कळ वाद झाला. पण जंतू वाढवून, प्रत्येक औषधासमोर ठेवून पाहिले नसते, तर वाद घालायला पुरावाच नसता.

आणि ज्याला कोणतेच माध्यम मानवत नाही, त्याचे काय? कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिला. क्षयाच्या जंतूच्याही आधी. त्यानंतर आजतागायत तो कृत्रिम माध्यमावर कोणालाही वाढवता आलेला नाही. त्याच्या बऱ्याच जनुकांची उत्क्रांतीत मोडतोड झालेली आहे आणि दुप्पट होण्यास त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. व. रा. खानोलकर, डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. बापट यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून पेशीसंवर्धनाच्या मार्गाने एक जंतू वेगळा केला. तो आयसीआरसी बॅसिलस या नावाने ओळखला गेला आणि त्यापासून पुढे लसही बनवण्यात आली. तो कुष्ठरोगाचा जंतू नसून त्याच्या नात्यातला दुसरा जंतू आहे, असे नंतर ठरले. म्हणून ते काम वाया गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या प्रश्नावर जग अडले होते त्यावर परळमध्ये धीराने काम झाले आणि त्यातून उपयोगी काही हाती आले.

आज रोगजंतूचे जनुक दोन तासांत ओळखणारी यंत्रे आली आहेत. क्षयासाठीची सीबीनाट चाचणी हे त्याचे ओळखीचे उदाहरण. मग प्लेटची गरज उरली का? उरली, आणि ती वाढली. जनुकचाचणीला मेलेल्या जंतूचेही जनुक दिसते, त्यामुळे औषधाने जंतू मेला की नाही हे तिच्यावरून सांगता येत नाही. ठरलेल्या काही औषधांपलीकडे, विशेषतः नव्या औषधांबाबत, जंतू दाद देईल का हे जिवंत जंतूच सांगू शकतो. जंतू हाती नसला की काय होते, याचे उदाहरण जवळचेच आहे. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला येथे गाठीचा आणि त्यानंतर सुरत येथे फुफ्फुसाचा प्लेग आल्याचे जाहीर झाले. तेव्हा जंतू वेगळा करून निर्विवाद दाखवण्यास विलंब लागल्यामुळे हा प्लेगच होता का, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. त्या दिवसांत लोकांनी टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मोठ्या प्रमाणावर घेतल्या होत्या, आणि औषध पोटात गेलेल्या माणसाच्या नमुन्यात जंतू सापडणे फार कठीण होते.

हीच गोष्ट गिरगावपासून लालबागपर्यंत रोज लहान प्रमाणात घडते. ताप चार दिवस उतरत नाही, ओळखीच्या दुकानातून किंवा घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवरून प्रतिजैविक सुरू होते, पाचव्या दिवशी एकदाच विडाल चाचणी होते आणि ‘टायफॉइड निघाला’ असे सांगितले जाते. एकट्या विडालवर एवढा भरवसा ठेवता येत नाही. विषमज्वराच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात जेमतेम एखादा जिवाणू असतो. म्हणून प्रौढाचे आठ ते दहा मिलिलिटर रक्त बाटलीत घ्यावे लागते, आणि औषधाचा पहिला डोस पडला की तो एखादाही पुष्कळदा हाती लागत नाही. मग कोणते औषध लागू पडेल हे ठरवायला प्रयोगशाळेकडे काहीच उरत नाही, आणि अंदाजाने दिलेली औषधे जंतूंना अधिक निर्ढावलेले करत जातात.

म्हणून येथे जमलेल्या सर्वांना विनंती अशी: घरात कोणाचा ताप तीन-चार दिवसांत उतरला नाही, तर प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी रक्ताचे कल्चर पाठवायचे का, हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे, आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकावर बोलण्याची संधी मिळेल तेव्हा सार्वजनिक रुग्णालयांतील जंतुशास्त्र प्रयोगशाळांसाठी माध्यमे, इन्क्युबेटर आणि शिकलेली माणसे यांची मागणी नावानिशी करावी.